दादर वेस्टची मॅचिंग सेंटर्स : रंगाला पैकीच्या पैकी, बाकीचं वाचा

हा कुठल्या एका दुकानाचा रिव्ह्यू नाही. दादरला वेस्टला उतरून रानडे रोडला लागलं की तिथून गोखले रोडपर्यंत आणि मधल्या गल्ल्यांमध्ये जी चिंचोळी दुकानं आहेत ना, समोरच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत नुसत्या ब्लाऊजपीसच्या घड्या आणि काउंटरवर दोन बायका साडी उलगडून उभ्या, त्या सगळ्या मॅचिंग सेंटर्सचा मिळून आहे. नावं मुद्दाम टाकत नाही, एकाचं टाकलं की बाकीच्यांवर अन्याय, आणि पुढे तक्रारी पण आहेत.

रेटिंग विचाराल तर रंगाला पाचपैकी पाच, मालाला चार, बोलण्याला समोर कोण उभंय त्यावर दोन ते पाच, आणि बसायच्या जागेला शून्य, कारण जागाच नाही.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी (हसू नका, आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलीने मला विचारलं होतं की मॅचिंग सेंटर म्हणजे ज्वेलरीचं का) : तुम्ही साडी घेऊन जायचं, ते त्या रंगाचं ब्लाऊजपीस, अस्तर, परकर, फॉल काढून देतात, फॉल-बीडिंग टाकायचं असेल तर तेही घेतात, दोन-चार दिवसांनी न्यायला यायचं. एवढाच धंदा. पण तो नीट करायला जी नजर लागते ती मी अजून कुठल्या ॲपमध्ये बघितलेली नाही, आणि तरीही ही दुकानं एकेक करून कमी होतायत, त्याचं कारण मला वाटतं लोक सांगतात ते नाहीये. म्हणून हे सगळं लिहायला बसले.

आधी अनुभव सांगते. भाच्याच्या मुंजीसाठी सासूबाईंची जुनी माहेश्वरी काढली. धूपछाव आहे, लांबून शेवाळी दिसते, हातात घेतली की राखाडी, आणि घडी हलली की मधूनच तांबूस मारते. तिच्यावरचं मूळ ब्लाऊज कधीच विरलं. एवढ्यासाठी दादरच्या गर्दीत कुठे जा म्हणून पहिल्यांदा घरबसल्या ॲपवर ऑलिव्ह ग्रीन शोधलं, फोटोत अगदी हुबेहूब, आणि घरी आलं ते पोस्टमनच्या जुन्या युनिफॉर्मसारखं खाकी. परत घेतलं त्यांनी, एक शब्द न विचारता, पैसेही आले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. दुसरं मागवलं ते पिवळट निघालं, तेही परत. आता यात त्या विक्रेत्याचा तरी काय दोष, फोटो स्टुडिओतल्या लाइटमध्ये काढलेला, तो माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर अजून भडक दिसणार, आणि खाली लिहिलेलं असतंच की प्रत्यक्ष रंगात थोडा फरक असू शकतो. थोडा! अहो इथे सगळा कारभारच त्या थोड्याचा आहे.

मग गेले दुकानात. काका कच्छी आहेत, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतात. मला वाटलं साडी पूर्ण उघडतील, तसं काही केलं नाही. पदराच्या टोकाला दशा सुटलेल्या होत्या तिथून नखाने एक उभा धागा आणि एक आडवा धागा मोकळा केला, बिलबुकाच्या कोऱ्या पानावर शेजारी शेजारी ठेवला. उभा हिरवा, आडवा तांबूस. इतकी वर्षं ती साडी कपाटात आहे, मला माहीतच नव्हतं की तिच्यात राखाडी धागा एकही नाही, ते दोन मिळून राखाडी दिसतंय. आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्यासाठी मी त्यांना दहापैकी अकरा द्यायला तयार आहे : "ताई, कार्यक्रम सकाळचा का संध्याकाळचा?"

म्हटलं मुंज आहे, सकाळीच. म्हणाले मग हिरव्याच्या मागे लागू नका, उन्हात तुमचा तांबूस वर येणार आणि हिरवं ब्लाऊज तुटक दिसेल, संध्याकाळी हॉलच्या पांढऱ्या एलईडीत नेसणार असता तर शेवाळीच दिला असता, त्या लाइटमध्ये तांबूस मरतो. शिडीवरच्या मुलाला चार नंबर सांगितले, त्याने न बघता चार गठ्ठे खाली टाकले. ट्यूबलाइटखाली मला चारही सारखेच वाटत होते. काकांनी साडी खांद्यावर टाकली, चारही पीस हातात घेऊन सरळ फुटपाथवर, भाजीवालीच्या टोपलीशेजारी, आणि बाहेर उजेडात आल्या आल्या त्यातले दोन आपोआप बाद झाले. उरलेल्या दोनातला एक त्यांनी चुरगाळून साडीच्या निरीत धरला आणि म्हणाले हा घ्या. आमसुली. मी जन्मात निवडला नसता. मुंजीत तीन बायकांनी विचारलं की साडीतलंच पीस आहे का.

कापड टू बाय टू रुबिया. ज्यांना हे नाव नुसतं ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी, यात उभा आणि आडवा दोन्हीकडे दुपदरी पीळ दिलेला धागा असतो, म्हणून पातळ असूनही अंग दिसत नाही आणि शिवण उसवत नाही. टेरी रुबिया म्हणून मिळते ती मिक्स असते, तिला इस्त्री कमी लागते पण मे महिन्यात घालून बघा मग कळेल. प्युअर कॉटन घेतलीत तर शिवायच्या आधी पाण्यात घालून वाळवा, आटते. अस्तर आणि पीस एकदमच घ्या, "नंतर नेते" करू नका, कारण डाईंगचा लॉट बदलला की शेडचा नंबर तोच असतो आणि रंग एक पायरी सरकलेला असतो. हे पण काकांनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. पीस, अस्तर मिळून बिल अडीचशेच्या आत, आणि त्यांचा वेळ गेला जवळजवळ पाऊण तास.

आता इथे थांबून हिशोब करा. पाऊण तास, एक मालक, एक शिडीवरचा मुलगा, दादरमधली जागा, लाइट, आणि कमाई अडीचशेतला जो काय नफा असेल तो. मी तेच बोलले तर काका हसले, म्हणाले, "सोपं गिऱ्हाईक गेलं ताई, अवघड गिऱ्हाईक राहिलं."

मला वाटतं सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. आपण म्हणतो ऑनलाइन स्वस्त पडतं म्हणून दुकानं बंद होतायत. इथे तर दुकान स्वस्त आहे! ॲपवरचं पीस डिलिव्हरी धरून महागच पडत होतं. पण मॅचिंगवाल्याचं घर मॅचिंगवर कधीच चालत नव्हतं, ते चालायचं काळ्या, पांढऱ्या, लाल आणि सोनेरी पीसवर, परकरांवर, फॉलवर, ज्यात काही जुळवायचं नसतं, बाई येते, काळं एक मीटर द्या म्हणते, दोन मिनिटांत जाते. त्या दोन मिनिटांच्या गिऱ्हाइकांच्या जोरावर तो माझ्यासारखीला पाऊण तास देऊ शकायचा. आता काळं ते काळं, ते कुठूनही मागवलं तरी काळंच येणार, मग त्यासाठी ट्रेनने कोण येईल? परकराची जागा साडी शेपवेअरने घेतली, तोही ऑनलाइन. स्ट्रेचवालं रेडिमेड ब्लाऊज तीन-चारशेला मिळतं, टेलरच्या दहा खेपा वाचतात. मी पण घेते, का नाही घेणार, टेलर लोकांनी आपला जो अंत बघितलाय तो आठवा. सोपं सगळं फोनवर गेलं आणि जे फोनवर जमत नाही तेवढंच घेऊन आपण दुकानात जातो, वर म्हणतो बघा ऑनलाइनला दुकानाची सर नाही.

आणि माल किती ठेवावा लागतो ते बघा. पन्नास रंग ठेवून मॅचिंग सेंटर चालत नाही. एका हिरव्याच्या शेड मोजायला गेलात तर बॉटल, रामा, मेंदी, पोपटी, शेवाळी, मोरपंखी, आणि प्रत्येकाची एक फिकी एक गडद बहीण. माझा आमसुली त्या भिंतीवर कधीपासून पडून होता देव जाणे, पण तो तिथे नसता तर ते दुकान माझ्या काही कामाचं नव्हतं. म्हणजे न खपणारा माल ठेवणं हीच त्यांची सर्व्हिस आहे. ॲपवर न खपणारा रंग विक्रेता सरळ काढून टाकतो, त्याला काय पडलंय.

गंमत म्हणजे ही दुकानं याच्यापेक्षा मोठ्या संकटातून वाचलेली आहेत. एके काळी खटावची व्हॉइल, मफतलालची रुबिया ही नावं घराघरात होती, कापड इथल्याच गिरण्यांमधून यायचं, दादर-परळच्या चिमण्या दिसायच्या. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक करत गिरण्या गेल्या, गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले, पण मॅचिंगवाले टिकले, भिवंडी, इचलकरंजी, सुरतहून माल आणायला लागले, परकराचं पॉपलिन राजस्थानातल्या बालोत्रा-पालीकडून रंगून यायला लागलं. अमेझॉन जून २०१३ मध्ये भारतात सुरू झालं तेव्हा तिथे पुस्तकं आणि सिनेमे मिळायचे, तेव्हा कुठला कापडवाला घाबरणार? कापडाला हात लावल्याशिवाय बाई घेत नाही, असं सगळेच म्हणायचे. मग मीशोसारख्या ॲपवर सुरतेचा माल थेट घरात यायला लागला, तीनशे-चारशेची साडी, तिच्यातच ब्लाऊजपीस जोडलेलं, नाही आवडली तर परत. हात लावायचं काम घरी आल्यावर करायचं एवढाच फरक पडला.

पण सगळं खापर ऑनलाइनवर फोडणंही खोटं आहे. रोजच्या साड्या नेसणाऱ्या बायकाच किती राहिल्यात? माझी आई भाजीला साडीत जायची, मी लग्नाला पण विचार करते. त्यात या भागातल्या बऱ्याच जुन्या इमारती पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून जागा भाड्याने घ्यायची. दुकानाचं भाडं इतकं किरकोळ की कमी धंद्यातही तग धरता यायचा (पागडीला कायद्यात जागा मिळाली ती १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने, त्याआधी सगळा टेबलाखालचा व्यवहार). आता त्याच इमारती रिडेव्हलपमेंटला जातायत. नवीन इमारतीत गाळा मिळतो हो, पण मधली काही वर्षं कुठे बसायचं? त्या काळात गिऱ्हाईक विसरतं, शिडीवरचा मुलगा दुसरीकडे लागतो, आणि मालकाचा मुलगा तोवर आयटीत स्थिरावलेला, तो म्हणतो पप्पा आता कशाला, गाळा भाड्याने द्या, मोबाइल कव्हरवाला नाहीतर मोमोवाला बसून जास्त देईल. त्याचंही चुकत नाही.

काळ्या घोड्याचं गाण्यांच्या कॅसेट-सीडीचं ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झालं, फोर्टचं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ ला, तेव्हा केवढे लेख आले, लोकांनी आठवणी लिहिल्या. चांगलंच झालं, दोन्ही दुकानं तशी होतीच. मॅचिंग सेंटर बंद झालं तर पेपरात दोन ओळी येत नाहीत, कारण तिथे जाणाऱ्या बायका लेख लिहीत नाहीत आणि लेख लिहिणाऱ्या पुरुषांना अस्तर म्हणजे काय ते माहीत नसतं. असो.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

एक म्हणजे बिल. अर्ध्या ठिकाणी चिठोऱ्यावर आकडे लिहून देतात, पक्कं बिल मागितलं की चेहरा बदलतो. याच पट्ट्यातल्या एका दुकानातून मी लाल अस्तर घेतलं होतं, पहिल्याच धुण्यात रंग उतरून वरच्या मोतिया पीसला लागला, ब्लाऊज गेलं. घेऊन गेले तर बोटाने पाटी दाखवली, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." आता कापलेलं कापड आवडलं नाही म्हणून परत घ्या असं कोणी म्हणत नाहीये. पण माल सदोष निघाला तर गोष्ट वेगळी आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सरळ लिहिलंय की बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि बिल न देणं ही पण. पाटी लावून कायदा बदलत नाही. ऑनलाइनवाल्याने माझं खाकी पीस न बोलता नेलं आणि इथे शंभर रुपयांच्या अस्तरासाठी मला चार लोकांसमोर खोटं पाडलं, मग पुढच्या वेळी बोट फोनकडे गेलं तर नवल काय?

दुसरं म्हणजे बोलणं. काका सोडा, ते रत्न आहे. पण काही ठिकाणी तुम्ही तिसरी शेड मागितली की "घ्यायचंय ना नक्की?" असं विचारतात. तरुण मुली तिथेच बिचकतात. त्यांना माहीतच नसतं काय मागायचं, मीटर किती लागतं, पन्हा (कापडाची रुंदी) काय, आणि कोणी समजावून सांगितलं नाही तर त्या परत कशाला येतील, ॲप काही हसत नाही कोणाला.

आणि ती "फोटो काढू नये"ची पाटी. यात मात्र मी दुकानदाराच्या बाजूने आहे, म्हणजे अर्धी. बायका येतात, पाऊण तास रंग काढायला लावतात, शेवटी नंबरचा फोटो घेतात आणि "घरी विचारून सांगते" म्हणून जातात ते कायमच्या. हे मी डोळ्यांनी बघितलंय, चांगल्या घरच्या, हातात महागडे फोन. पण त्यावर पाटी हा उपाय नाही. पाटी बघून जी खरंच विहिणीला फोटो पाठवणार होती तीही निघून जाते.

याच्यावर माझं म्हणणं ऐका, कुणी दुकानदार वाचत असेल तर त्यांनी तर नक्की ऐका. मॅचिंगचे वेगळे पैसे लावा. पन्नास रुपये, शंभर रुपये, जे वाटेल ते, खरेदी केली तर बिलातून वजा. डॉक्टर तपासायचे पैसे घेतो, औषध कुठूनही घ्या म्हणतो, तुमच्या नजरेचे पैसे तुम्ही का घेत नाही? तुम्ही ती नजर आजवर कापडाच्या किमतीत फुकट घालून विकलीत, ते चाललं कारण काळं पीस पण तुमच्याकडूनच जायचं. आता ते जात नाही. काकांना मी हे बोलले तर म्हणाले, "बघायचे पैसे लावले तर शिव्या घालतील ताई." घालतील पहिले सहा महिने. मी तरी देईन, आणि माझ्यासारख्या साड्या सांभाळून ठेवलेल्या पुष्कळ आहेत.

त्यातल्या त्यात एक जण हुशार निघाला, गोखले रोडच्या बाजूला, वडिलांचं दुकान सांभाळणारा मुलगा. तो फोटोवरून रंग जुळवत नाही, सांगतो की पदराचे दोन-चार धागे काढून पांढऱ्या कागदावर सेलोटेपने चिकटवा आणि पाकिटात घालून पाठवा, मग तो पीस कुरिअर करतो. नाशिकची, कोल्हापूरची गिऱ्हाइकं आहेत म्हणे. माझ्या बहिणीने पुण्याहून करून बघितलं, डाळिंबी काठाच्या साडीला बरोबर बसलं. फोनच वापरला, पण रंग ओळखायला नाही, पैसे आणि पत्ता घ्यायला. मला तरी हे पटलं.

जाणार असाल तर साडीच न्या, फोटो नको. जड असेल तर निदान ब्लाऊजपीस कापल्यानंतरचा तुकडा न्या. सोमवारी बरीच दुकानं बंद असतात. दुपारी दोन ते चार जा, तेव्हा माणसं रिकामी असतात आणि बाहेर ऊनही असतं, संध्याकाळी सहानंतर गेलात तर फुटपाथवर नेऊन दाखवायला उजेडच नाही. नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात मात्र चुकूनही पाऊल टाकू नका, नऊ दिवसांचे नऊ रंग छापून आले की अख्खी सेंट्रल आणि वेस्टर्न लाइन तिथे उतरते, करड्या रंगाच्या पीससाठी बायका शब्दशः ओढाओढी करतात, आणि खरं सांगायचं तर वर्षभरातली तीच एक वेळ असते जेव्हा काकांना माझ्याकडे बघायलाही फुरसत नसते. फॉल-बीडिंग टाकायचं असेल तर तारीख कागदावर लिहून घ्या, तोंडी "शुक्रवार"चा पुढचा शुक्रवार होतो. दुकान छोटं आहे, पर्स पुढे धरा, नवऱ्याला बाहेर उभा करा. स्कॅनर सगळ्यांकडे आहे.